ॲलिसचें पुढें काय झालें ?

बालवाङ्मयांतील नायिकांना वय नसतें. पुस्तक मिटलें कीं त्या जेथल्या तेथें थांबतात, आणि पुढच्या पिढींतलें मूल तें पुन्हां उघडीपर्यंत तशाच उभ्या असतात. वाचक मात्र मोठा होतो, आणि मग त्याच्या मनांत एक प्रश्न हटकून येतो. कांहीं वर्षांपूर्वीं बी. ए. च्या वर्गास लुइस कॅरोलचें ॲलिसच्या अद्भुत प्रवासाचें पुस्तक शिकवीत असतां एका विद्यार्थिनीनें तो आम्हांस विचारला : "सर, त्या मुलीचें पुढें काय झालें ?" तेवढ्यांत तासाची घंटा झाली, म्हणून त्या दिवशीं आमची सुटका झाली, प्रश्न मात्र सुटला नाहीं.

इतर नायिकांच्या बाबतींत या प्रश्नास उत्तर नसतें. ॲलिसच्या बाबतींत तें आहे. कारण ॲलिस नांवाची मुलगी खरोखरच होती. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजचे डीन हेन्री लिडेल यांची ती कन्या. ज्यांचा ग्रीक-इंग्रजी कोश अद्यापि अभ्यासकांच्या हाताशीं असतो, तेच हे लिडेल. ४ जुलै १८६२ रोजीं त्याच कॉलेजांतील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन हे एका मित्रासह डीनसाहेबांच्या तिघी मुलींना होडींत बसवून नदीवर सहलीस घेऊन गेले. वाटेंत मुलींच्या आग्रहावरून त्यांनीं एक गोष्ट रचून सांगितली, आणि दहा वर्षांच्या ॲलिसनें ती लिहून देण्याचा हट्ट धरला. स्वतःच्या हातानें लिहिलेली व चित्रें काढलेली ती वही १८६४ च्या नोव्हेंबरांत तिला भेट मिळाली. १८६५ सालीं तिचाच विस्तार होऊन तें जगप्रसिद्ध पुस्तक निघालें. टेनिएलच्या चित्रांतील लांब मोकळ्या केसांची मुलगी मात्र ही नव्हे. खऱ्या ॲलिसचे केस काळसर, आंखूड व कपाळावर कापलेले होते.

येथें एक गमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. डॉजसन व ॲलिस या दोघांच्याहि आठवणींत ती दुपार लख्ख उन्हाची होती. हवामानाच्या नोंदींत मात्र त्या दिवशीं ऑक्सफर्डला गारवा व पाऊस असल्याचें आढळलें, आणि अभ्यासकांत त्यावरून वाद माजला. ॲलिसच्या आयुष्याची कथा जे कोणी लिहावयास बसतात, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. ज्या दिवसापासून ही कथा सुरू होते, त्या दिवसाचें ऊन देखील निर्विवाद नाहीं !

ॲलिसच्या पुढील आयुष्याची कल्पना करण्याचा मोह आजकालच्या लेखकांनाच झाला असें मात्र नव्हे. पहिला मोह झाला तो खुद्द कॅरोललाच. पुस्तकाच्या अखेरच्या परिच्छेदांत ॲलिसची थोरली बहीण नदीकांठीं बसून मनाशीं चित्र रंगविते : ही धाकटी प्रौढ होईल, तरी हिचें मन असेंच निर्मळ राहील, आणि भोंवतीं मुलें जमवून ही त्यांना गोष्टी सांगेल. १८७१ च्या अखेरीस निघालेल्या दुसऱ्या भागाच्या शेवटीं जी कविता आहे, तिच्या ओळींचीं आद्याक्षरें जुळविलीं म्हणजे ॲलिसचें पूर्ण नांव तयार होतें. मुलगी वीस वर्षांची होत आली होती. कवि अजून होडींतच होता.

प्रत्यक्षांत काय घडलें तें थोडक्यांत सांगतों. जॉन रस्किनसारख्या गुरूकडून ती चित्रकला शिकली. धाकटी बहीण ईडिथ १८७६ त वारली. १८८० सालीं वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें रेजिनाल्ड हारग्रीव्ज् या क्रिकेटपटु जमीनदाराशीं तिचा विवाह झाला, आणि हॅम्पशर परगण्यांतील लिंडहर्स्टजवळच्या मोठ्या घरांत तिनें जवळजवळ अर्धशतक संसार केला. तीन मुलगे झाले. पहिल्या महायुद्धांत थोरला १९१५ च्या रणांत पडला, आणि दुसरा १९१६ त. १९२६ सालीं पति निवर्तला. घराचा खर्च झेपेना, तेव्हां १९२८ सालीं तिनें बालपणींची ती वही लंडनला लिलावांत काढली. ती १५,४०० पौंडांस एका अमेरिकन ग्रंथविक्रेत्यानें घेतली. १९३२ सालीं कॅरोलच्या जन्मशताब्दीनिमित्त ही ऐंशी वर्षांची वृद्धा न्यूयॉर्कला गेली, कोलंबिया विद्यापीठानें तिला सन्माननीय पदवी दिली, आणि १९३४ च्या नोव्हेंबरांत ती निवर्तली.

आतां या आयुष्याचें आधुनिक कलावंतांनीं काय केलें तें पाहूं. टिम बर्टनच्या २०१० सालच्या चित्रपटाचा विचार लौकर आटोपण्यासारखा आहे. त्यांत खरी ॲलिस नाहींच. एकोणीस वर्षांची एक काल्पनिक ॲलिस चारचौघांत आलेली लग्नाची मागणी झुगारून देते आणि चीनशीं व्यापार करावयास जहाजावर चढते. मुलीनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें हा हेतु स्तुत्य आहे. पण एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजांच्या चीनच्या व्यापारांत अफूचा वांटा किती होता, आणि माळव्यांतील ती अफू मुंबई बंदरांतूनच कशी जात असे, हें ज्या वाचकास ठाऊक आहे, त्याला त्या शिडांकडे निर्भेळ कौतुकानें पाहणें कठीण जातें. नायिकेला वास्तव जगांत सोडावयाचें, पण तें जग मात्र आपल्या सोयीचें निवडावयाचें, हा या कल्पनेचा दोष आहे.

मेलनी बेंजामिन हिची त्याच वर्षींची कादंबरी अधिक गंभीर आहे. तिचें बीज एका खऱ्या पत्रांत आहे. म्हाताऱ्या ॲलिसनें मुलाला कळविलें होतें कीं, ॲलिस म्हणून मिरविण्याचा आपल्याला शीण आला आहे. आणि लगोलग, हा कृतघ्नपणा तर नव्हे ना, अशी शंकाहि तिनें विचारली होती. असें वाक्य सांपडल्यावर कादंबरीकाराचें मन स्वस्थ बसणें शक्य नाहीं. परंतु लेखिकेला खरी ओढ आहे ती दोन रहस्यांची. पहिलें, जून १८६३ मध्यें डॉजसन व लिडेल कुटुंब यांच्यांत अकस्मात् दुरावा कां आला ? डॉजसनच्या रोजनिशींतून त्या दिवसांचें पान कोणीतरी कापून काढलें आहे, आणि त्यानें ॲलिसला लिहिलेलीं पत्रें तिच्या आईनें नष्ट केलीं. दुसरें, ऑक्सफर्डला शिकावयास आलेला व्हिक्टोरिया राणीचा धाकटा मुलगा लिओपोल्ड याच्याशीं तिचें खरोखर प्रेम होतें काय ? तिच्या दुसऱ्या मुलाचें नांव लिओपोल्ड, राजपुत्राच्या मुलीचें नांव ॲलिस; एवढ्यावर इमले बांधणाऱ्यांनीं राजपुत्राच्या दिवंगत बहिणीचेंहि नांव ॲलिसच होतें हें विसरूं नये. पहिल्या रहस्याविषयीं सांगावयाचें तर, १९९६ सालीं डॉजसन-घराण्याच्या कागदपत्रांत एक चिठोरें उजेडांत आलें. त्या कापलेल्या पानाचा सारांश म्हणून लिहिलेल्या त्या ओळींत गव्हर्नेस आणि थोरली बहीण यांच्याशीं डॉजसनचें नांव जोडणाऱ्या वावड्यांचा उल्लेख आहे.

कापलेल्या पानावर वाटेल तें लिहिण्याचा हक्क कादंबरीकारास आहे, हें आम्ही मान्य करतों. आमची तक्रार निराळी आहे. या पद्धतीनें लिहिलें म्हणजे ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्यांतील प्रत्येक घटना बालपणाच्या त्या दोनचार वर्षांची केवळ पडछाया ठरते. लग्न केलें तें विसरण्यासाठीं, दुःख झालें तें आठवणीमुळें ! डॉजसननें एका मुलीस गोष्टींत कोंडलें असा आरोप करणारे लेखक तिला पुन्हां त्याच गोष्टींत कोंडतात.

१९८५ चा 'ड्रीमचाइल्ड' हा डेनिस पॉटरनें लिहिलेला चित्रपट या दोषांतून बराच सुटला आहे. न्यूयॉर्कला आलेली ही करारी, थोडी तुसडी वृद्धा हास्यास्पद होत नाहीं आणि दयनीयहि होत नाहीं. डॉजसनच्या मनांतील ओढ पॉटर लपवीत नाहीं. पण तिच्यावर खटलाहि चालवीत नाहीं. आपल्यावर कोणीतरी माया केली होती, आणि ती आपल्याला त्या वेळीं समजली नव्हती, हें तिला ऐंशीव्या वर्षीं उमगतें. हें उमगणें म्हातारपणाचें आहे, म्हणून तें खरें वाटतें.

जॉन लोगनचें २०१३ सालचें 'पीटर अँड ॲलिस' हें नाटक एका खऱ्या भेटीवर उभें आहे. १९३२ सालीं लंडनच्या एका पुस्तकाच्या दुकानांत कॅरोल-प्रदर्शनाच्या निमित्तानें ही वृद्धा आणि ज्याचें नांव 'पीटर पॅन' ला मिळालें तो पीटर ल्यूलिन डेव्हिस हीं दोघें समोरासमोर आलीं. त्या पीटरनें १९६० सालीं आत्महत्या केली. नाटकांत बोलणें फार आहे, तरी त्याचा प्रश्न अचूक आहे : दुसऱ्यानें लिहिलेल्या बालपणाचें ओझें एकाला कां पेललें आणि दुसऱ्याला कां पेललें नाहीं ?

आमच्या मतें उत्तर त्या मधल्या चौतीस वर्षांत आहे. १८८० पासून १९१४ पर्यंतच्या, ज्यांत सांगण्यासारखें कांहींच घडलें नाहीं. तेथें घर होतें, मुलें होतीं, पाहुणे होते, गांव होतें. १८८५ सालीं डॉजसननें वहीची हुबेहूब प्रत छापण्यासाठीं ती परत मागितली, तेव्हां ती तिनें दिली, तीहि एखाद्या जुन्या परिचितास द्यावी तशी. हें सामान्य आयुष्यच तिचें कवच होतें. कलावंतांना त्यांत कथा दिसत नाहीं. कारण संसार हा त्यांना दोन घटनांमधला रिकामा काळ वाटतो.

पुस्तकांतील पानोपानीं ती राणी डोकीं उडविण्याचा हुकूम सोडते. पण ग्रिफन सांगतो कीं, प्रत्यक्षांत कोणाचेंच डोकें उडत नाहीं. खऱ्या जगांत मिसेस हारग्रीव्जच्या दोन मुलांच्या बाबतींत असें सांगावयास कोणी ग्रिफन आला नाहीं. गोष्टींतली मुलगी आणि जगांतली बाई यांच्यांतील अंतर मोजावयाचें असेल तर तें येथें मोजावें, कापलेल्या पानांत नव्हे. आणि तरीहि, मुलांसाठीं राखलेली ती वही विकल्यानंतर चारच वर्षांनीं, अनोळखी लोकांच्या आनंदासाठीं ती समुद्र ओलांडून गेली, थकली, आणि थकल्याबद्दल स्वतःलाच जाब विचारती झाली. कॅरोलनें जें निर्मळ मन कल्पिलें होतें, तें याहून निराळें काय असणार ?

लिंडहर्स्टच्या चर्चच्या आवारांतील तिच्या स्मृतिशिलेवर तिला 'मिसेस रेजिनाल्ड हारग्रीव्ज्' म्हटलें आहे. आमच्या त्या विद्यार्थिनीस आज उत्तर द्यावयाचें झालें तर एवढेंच सांगूं : ती मोठी झाली, तिनें संसार केला, दोन मुलगे गमावले, आणि दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट असूनहि ती स्वतःचें आयुष्य जगली. तें आयुष्य तिच्याच नांवानें सांगणारी कादंबरी अद्यापि लिहिली जावयाची आहे.