प्रत, पाठ आणि श्रवण : अभिजात रॉक संगीताच्या तबकड्यांच्या श्रवणसंस्कृतीची चिकित्सा

बीजसंज्ञा : तबकडी, प्रेसिंग, टर्नटेबल, पाठचिकित्सा, रॉक अल्बम, भावगीत

प्रस्तावना

ध्वनिमुद्रिकांचे युग संपले, असे गेल्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र मानले जात होते. प्रत्यक्षात २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख व्हिनाइल तबकड्या विकल्या गेल्या, तर कॉम्पॅक्ट डिस्कची विक्री ३ कोटी ३० लाखांच्या आसपास राहिली. १९८७ नंतर प्रथमच तबकडीने डिस्कला मागे टाकले. या पुनरागमनाच्या केंद्रस्थानी १९६० व १९७० च्या दशकांतील रॉक संगीत आहे. त्याच्याभोवती एक रसिकवर्ग उभा राहिला असून लाखो रुपयांच्या टर्नटेबलवर विशिष्ट प्रेसिंग ऐकणे हीच त्याची रसिकतेची कसोटी झाली आहे. या वर्गाची स्वतःची परिभाषा आहे व स्वतःचे निकषही आहेत. ते निकष समीक्षेच्या कसोटीवर कितपत टिकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठीत हस्तलिखितालाही ‘प्रत’ म्हणतात आणि तबकडीच्या नगालाही ‘प्रत’च म्हणतात. हा केवळ शब्दांचा योगायोग नाही. एका मूळ ध्वनिफितीवरून निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या तंत्रज्ञांनी कोरलेल्या तबकड्या या खऱ्या अर्थाने पाठभेद असलेल्या प्रती होत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या मराठी अभ्यासकाला हा विषय म्हणूनच परका वाटण्याचे कारण नाही.

प्रेसिंग आणि पाठभेद

बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) हा अल्बम या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्याचे मोनो मिश्रण वादकांच्या सहभागाने, सावकाश व विचारपूर्वक झाले. स्टिरिओ मिश्रण मात्र नंतर, त्यांच्या अनुपस्थितीत, थोडक्या वेळात उरकले गेले. परिणामी ‘शीज लीव्हिंग होम’ हे गीत मोनो प्रतीत अधिक गतीने व सुमारे अर्ध्या स्वराने चढे ऐकू येते. स्टिरिओ प्रतीत ते संथ व अधिक उदास भासते. याशिवाय मूळ ब्रिटिश प्रतीत शेवटच्या गीतानंतरच्या वर्तुळाकार खाचेत काही निरर्थक बोल कोरलेले होते. ज्या यंत्राचा दांडा आपोआप उचलला जात नाही, त्यावर ते अखंड फिरत राहतात. मूळ अमेरिकन प्रतीतून ते वगळलेले होते. तेव्हा ‘सार्जंट पेपर्स ऐकला’ असे विधान करणाऱ्यास ‘कोणती प्रत?’ असे विचारणे हा छांदिष्टपणा नसून पाठचिकित्सेचा पहिला प्रश्न आहे.

येथपर्यंत संग्राहकांची भूमिका ग्राह्य ठरते. अडचण पुढे निर्माण होते. पाठचिकित्सक अधिकृत प्रतीचा शोध घेतो. संग्राहक सुश्राव्य प्रतीचा शोध घेतो आणि सापडलेल्या प्रतीलाच अधिकृत मानतो. सुंदर अक्षरातील पोथी शुद्ध असतेच असे नाही, हा साधा विवेक येथे सुटतो.

यंत्राचे सामर्थ्य आणि मर्यादा

यंत्राला महत्त्वच नाही, असे म्हणणेही एकांगी होईल. ‘लेड झेपलिन टू’ (१९६९) या अल्बमची पहिली अमेरिकन तबकडी रॉबर्ट लडविग या तंत्रज्ञाने कोरली. तीत खर्जाचा जोर एवढा होता, की ध्वनिमुद्रण कंपनीच्या प्रमुखाच्या कन्येच्या साध्या प्लेअरवर सुई उडू लागली आणि तबकडी सौम्य करून पुन्हा कोरण्यात आली, असे लडविग यांनी सांगितले आहे. म्हणजे सर्वसामान्य श्रोत्याच्या यंत्राने कलाकृतीचा पाठच बदलला. ती पहिली प्रत आज चांगल्या टर्नटेबलवर निर्वेध वाजते, तेव्हा यंत्र खरोखरच एका दडपलेल्या पाठाला वाट करून देते.

तथापि यंत्र कितीही मौल्यवान असले, तरी तबकडीची भूमिती बदलत नाही. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आतल्या टोकाशी हेच अंतर सुमारे २१ सेंटिमीटरवर येते. तेवढ्याच ध्वनीला तेथे निम्म्याहून कमी जागा मिळते आणि तार स्वर फाटण्याची शक्यता वाढते. शिवाय खाचेत खर्ज कमी करून व तार स्वर वाढवून कोरलेला असतो. १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाण आलेखानुसार वाजविताना तो उलट पूर्ववत करावा लागतो. म्हणजे तबकडीवरील ध्वनी मुळातच संस्कारित असतो. ‘जसाच्या तसा ध्वनी’ ही कल्पना येथेच ढासळते. सुईचा कोन नीट बसविणे, दाब योग्य ठेवणे व तबकडी स्वच्छ राखणे यांनी जे साधते, ते केवळ किमतीने साधत नाही.

२०२२ चे प्रकरण

या संस्कृतीच्या निकषांची खरी परीक्षा जुलै २०२२ मध्ये झाली. ‘मोबाइल फिडेलिटी’ ही अमेरिकन कंपनी मूळ ध्वनिफितींवरून काढलेल्या महागड्या तबकड्यांसाठी ख्यातकीर्त होती. ॲरिझोनातील एका तबकडीविक्रेत्याने तिच्या निर्मितिप्रक्रियेविषयी शंका उपस्थित केली. त्यानंतर अनेक तबकड्यांच्या निर्मितीत मधला एक टप्पा डिजिटल असल्याचे कंपनीच्या तंत्रज्ञांनी मान्य केले. दरम्यान ज्यांनी या तबकड्यांत निर्भेळ ॲनालॉग ध्वनीची ऊब अनुभवल्याची ग्वाही दिली होती, त्यांना हा टप्पा वर्षानुवर्षे ऐकू आला नव्हता.

ग्राहकाला वस्तुस्थिती कळविली गेली नाही, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. तबकड्या उत्तम होत्या आणि श्रोत्यांच्या कानांनी तसा दिलेला निर्वाह खोटा नव्हता. खोटे ठरले ते त्या निर्णयाचे दिलेले कारण. आपण कानाने ऐकले असे ज्याला म्हणत होतो, त्यातील बराच भाग आवरणावरील मजकुराने ऐकविला होता. साहित्याच्या प्रांतात लेखकाचे नाव पाहून कवितेला दाद देणाऱ्या वाचकाहून हा श्रोता वेगळा नाही.

माध्यम आणि रूप : पाचगणी ते मेहकर

मग तबकडीचे वाङ्मयीन महत्त्व कशात आहे? प्रस्तुत लेखकाच्या मते ते ध्वनीच्या शुद्धतेत नसून रूपाच्या घडणीत आहे. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) मध्ये पहिली बाजू ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या मृत्युविषयक रचनेने संपते आणि दुसरी बाजू नाण्यांच्या खणखणाटाने, ‘मनी’ने सुरू होते. मधला तबकडी उलटण्याचा विराम हा रचनेचाच भाग आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेला आणि तेथेच ‘द हेक्टिक्स’ या शालेय वाद्यवृंदात वाजविणारा फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला परिचित झाला. त्याच्या क्वीन या वृंदाच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ने (१९७५) ५ मिनिटे ५५ सेकंदांचा अवकाश घेऊन लहान तबकडीच्या रूढ मर्यादेलाच आव्हान दिले. तेथेही माध्यमाची चौकट रूपाशी झगडताना दिसते.

हेच सूत्र आपल्या परिसरातही आढळते. वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर ही कवी ना. घ. देशपांडे यांची कर्मभूमी. त्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३० च्या दशकात तबकडीवर आली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात मैलाचा दगड ठरली. पुढे जोशी ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह मात्र १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे असंख्य रसिकांना ही कविता पुस्तकाआधी लाखेच्या तबकडीतून भेटली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. भावगीताचा आटोपशीरपणा केवळ कवीच्या प्रतिभेतून आलेला नाही, त्याला या मर्यादेचाही हातभार लागला आहे. पोलादी सुई, जड दांडा, सततची खरखर यांतून ऐकलेल्या त्या गीताने रसिकांना जे दिले, ते यंत्राच्या किमतीत मोजता येणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की प्रेसिंगविषयीची जिज्ञासा ही अभ्यासवृत्ती आहे, तर शुद्धतेचा हव्यास हा तिचा विपर्यास होय. पहिलीतून ज्ञान वाढते, दुसऱ्यातून केवळ किंमत वाढते. रॉक संगीताच्या संग्राहकांनी एक गोष्ट मात्र आपल्याला शिकविली आहे : प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या खाचेजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही ते टिपून ठेवतात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने भारतीय तबकड्यांबाबत अशीच दृष्टी जोपासली. विदर्भातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर पडून असलेल्या तबकड्यांची अशी नोंद करणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. त्यासाठी महागडे टर्नटेबल लागत नाही. वही, भिंग आणि मराठी, संगीत व पदार्थविज्ञान या विभागांचे सहकार्य एवढे पुरेसे आहे. लाखेची तबकडी हातातून निसटली की फुटते, आणि तिच्याबरोबर जाणारा पाठ कोणत्याही यंत्रावर पुन्हा वाजविता येत नाही.