पत्त्यांची मोजदाद आणि तिचे मोल

एडवर्ड थॉर्प ह्या अमेरिकन गणितज्ञाचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक १९६२ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि १९६६ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. इतक्या जुन्या ग्रंथाचे परीक्षण आज कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे कारण घरगुती आहे. गेल्या दिवाळीत पुण्यास नोकरीस असलेला आमचा भाचा ते पुस्तक घेऊन जामखेडास आला, फराळाच्या ताटापाशीच उघडून बसला, आणि साठविलेल्या पैशांतील दोन लाख रुपये घेऊन गोव्यास जाण्याचा बेत त्याने बोलून दाखविला. ‘मामा, हा जुगार नव्हे, हे गणित आहे,’ असे त्याचे म्हणणे. त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले. तेव्हा पुस्तक समग्र वाचणे आम्हांस भाग पडले.

ब्लॅकजॅक म्हणजे एकविसाचा खेळ. हातातील पानांची बेरीज एकविसाच्या जवळ न्यावयाची. ती ओलांडली की डाव बुडाला. राजा, राणी, गुलाम यांचे मोल दहा, आणि एक्क्याचे एक किंवा अकरा, जसे सोयीचे असेल तसे. पान घ्यावे की थांबावे, हे खेळणाराच्या मर्जीवर. डीलरला मात्र मर्जी नाही. सोळापर्यंत त्याने पान घेतलेच पाहिजे आणि सतरावर थांबलेच पाहिजे. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचे पान आले तर खेळणारास दीडपट मिळते. मग अड्ड्याचा फायदा कोठे? तो एवढ्यातच की, खेळणारा आधी बुडतो व त्याचा पैसा तत्काळ जातो. मागाहून डीलरही बुडाला तरी तो परत येत नाही.

ह्या खेळात शहाणपणाने कसे खेळावे, हे १९५६ साली बाल्डविन व त्यांचे तीन सहकारी यांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून दाखविले होते. थॉर्प यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि ग्रंथाचे सारे मोल त्या प्रश्नात आहे. फाशांना स्मरण नसते. मागचे दान काय पडले याच्याशी पुढच्या दानाचा काही संबंध नाही. पत्त्यांना मात्र स्मरण असते, कारण जे पान पडले ते कॅट पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. तेव्हा गेलेली पाने ज्याच्या लक्षात आहेत त्यास उरलेल्या पानांचा अदमास का लागू नये? मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठातील संगणकावर थॉर्प यांनी हिशेब केला. एका कॅटातील चारही पंजे निघून गेले असता खेळणाराचे पारडे तीन टक्क्यांहून अधिक वर जाते, असे त्यांस आढळले. लहान पाने संपली आणि दसे-एक्के उरले की सोळावर सक्तीने पान ओढणारा डीलर वारंवार बुडतो, आणि दीडपटीचे डावही अधिक येतात.

यात आपणांस अपरिचित असे काही नाही. मेंढीकोट खेळणाऱ्या कोणत्याही आजीस विचारा. हुकमाची किती पाने पडली आणि चौथी मेंढी कोणाकडे अडकली आहे, हे तिला मोजल्यावाचून ठाऊक असते. रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ होय, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ साली म्हटले. भाच्याचे म्हणणे तत्त्वतः खोटे नाही, हे आम्ही त्याच्या आईसमक्ष कबूल केले. त्याबद्दल तिने आम्हांस अद्याप क्षमा केलेली नाही.

ग्रंथाचे जे प्रकरण वाचकांस सर्वांत आवडते तेच आम्हांस सर्वांत दुबळे वाटते. दोन धनिकांचे दहा हजार डॉलर घेऊन ग्रंथकार नेवाडात गेले आणि थोड्याच दिवसांत ती रक्कम दुपटीवर नेऊन परतले, अशी ती हकीकत आहे. तीत रंग आहे, साहस आहे, डीलरांच्या संशयी नजरा आहेत. पुरावा मात्र नाही. गणिताने सिद्ध केलेल्या गोष्टीस एका सफरीच्या नशिबाचा टेकू द्यावा, हे थॉर्प यांच्यासारख्या लेखकास शोभले नाही. तरुण वाचक कोष्टके विसरतो आणि दुप्पट झालेले दहा हजार लक्षात ठेवतो.

शिवाय, ज्या खेळास उद्देशून ग्रंथ प्रथम लिहिला तो खेळच पुढे पालटला. अड्डेवाल्यांनी एका कॅटाऐवजी चार, सहा, आठ कॅट एकत्र पिसून पेटीतून वाटण्यास आरंभ केला. याने काय झाले ते एका पंज्यावरून पाहावे. एका कॅटातून एक पंजा गेला तर पारडे सुमारे पाऊण टक्क्याने हलते. सहा कॅटांतून गेला तर एक दशांश टक्क्याने. मोजण्याची रूढ रीत सोपी आहे. दुरीपासून छक्क्यापर्यंतचे पान गेले की एक मिळवावा, दस्सा, चित्र किंवा एक्का गेला की एक वजा करावा, सत्ता-अठ्ठा-नव्वा सोडून द्यावा. परंतु येणाऱ्या आकड्यास अजून न वाटलेल्या कॅटांच्या संख्येने भागावे लागते. सहा हा आकडा अर्धा कॅट उरला असता बाराच्या तोलाचा आहे. पाच कॅट उरले असता तो जेमतेम एकाच्या तोलाचा. आणि भागाकारानंतरचा दर एक सुमारे अर्धा टक्का देतो, तर अड्ड्याचा मूळ फायदा बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे भागाकार एक आला तेव्हा कोठे बरोबरी झाली. पेटी संपण्यापूर्वी दीड-दोन कॅट बाजूस टाकून पुन्हा पिसतात, म्हणजे जेथे मोजदाद फळास यावयाची तेच टोक कापले जाते. काही ठिकाणी तर पडलेली पाने अखंड पिसणाऱ्या यंत्रात लगेच परत टाकतात; तेथे मोजणे म्हणजे वाहत्या नदीचे पाणी मापणे होय.

तरीही निपुण मनुष्य प्रतिकूल वेळी थोडे व अनुकूल वेळी पुष्कळ लावून सरासरी एक टक्का मिळवू शकतो, असे धरून चालू. भाचा दर डावास सरासरी एक हजार लावणार. ताशी सत्तर डाव धरले तर त्याची अपेक्षित कमाई ताशी सातशे रुपये. पण ह्या खेळात एका डावाचा चढउतार लावलेल्या रकमेच्या सव्वापटीच्या जवळ असतो. तासाभरात तो सुमारे साडेनऊ हजार रुपये इकडे किंवा तिकडे नेतो. चाळीस तास बसला तर अपेक्षा अठ्ठावीस हजारांची आणि हेलकावा साठ हजारांचा. अपेक्षा आणि हेलकावा यांची बरोबरी होण्यास तेरा हजारांवर डाव, म्हणजे जवळजवळ एकशेनव्वद तास लागतील. आणि तेवढे बसूनही तोट्यात उठण्याचा संभव सहांत एक राहतोच. ह्या काळात एकदाही चुकावयाचे नाही आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यावयाचे नाही. १९७० नंतरच्या दशकात केन उस्टन प्रभृतींनी टोळ्या बांधून, दहा जणांनी मोजावे आणि एकाने मोठे लावावे, अशी युक्ती काढली. मोठ्या भांडवलाच्या अशा टोळीस बहुकॅटी खेळातही लाभ होता, हे आम्ही नाकारीत नाही. उस्टन यांस अड्ड्याने बाहेर काढले तेव्हा न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली त्यांची बाजू घेतली. पण त्याचे उत्तर म्हणून कॅट वाढविणे आणि वरचेवर पिसणे अड्ड्याच्या हाती उरलेच.

गोव्याचा हिशेब तर ग्रंथात मुळीच सापडावयाचा नाही. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा आपला कायदा कधी अमलातच आला नाही. म्हणून पणजीस मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर जावे लागते. तेथे चिप्सच्या दर्शनी मूल्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. दोन लाखांच्या चिप्सवर हा कर ऐंशी हजार होतो. तो खेळणाराच्या पदरी आला तर चाळीस तासांचे अपेक्षित अठ्ठावीस हजार त्यात कोठल्या कोठे बुडाले. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, आणि हरलेल्या रकमेची वजावट नाही. एक टक्क्याचे कौशल्य ह्या ओझ्याखाली उभे कसे राहणार?

येथे महाभारतातील ऋतुपर्णाचे स्मरण होते. रघुनाथ पंडितामुळे दमयंतीचे स्वयंवर आणि तो हंस मराठी घरांत परिचित आहेत. वनपर्वातील बेहड्याचे झाड मात्र फारसे कोणास आठवत नाही. विदर्भाकडे रथ धावत असता अयोध्येचा हा राजा झाडाची पाने व फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवितो; सारथी झालेला नल रथ थांबवून, झाड पाडून ती मोजतो, आणि संख्या तंतोतंत जुळते. मग अश्वविद्येच्या बदल्यात राजा त्यास अक्षहृदय देतो, आणि त्याच क्षणी कली नलाच्या देहातून बाहेर पडतो. फासे बेहड्याच्याच फळांचे असत, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या कवीने मोजणी आणि द्यूत यांचा संबंध किती बारकाईने पाहिला होता ते दिसते. पुढे नल पुष्कराशी पुन्हा खेळतो तो एकच डाव. ताशी सत्तर डावांची कल्पना त्या कवीस नव्हती.

जामखेडच्या बाजारातून आम्ही सहा कॅट आणविले आणि दोन रात्री सतरंजीवर भाच्यासमोर वाटले. त्याची मोजणी उत्तम होती, हे सांगितलेच पाहिजे. बहुतेक वेळ भागाकार शून्याच्या आसपास घोटाळत राहिला, आणि तो दोनावर गेला तेव्हा नेमकी पेटी संपत आली होती. दुसऱ्या रात्री आईने चहासाठी हाक मारली, तो ‘आलो’ म्हणाला, आणि आकडा हरवला. पुण्यास जाताना तो पुस्तक येथेच ठेवून गेला. गेल्या आठवड्यात त्याने ते परत मागविले आहे. ह्या परीक्षणाची प्रत सोबत घालून आम्ही ते धाडीत आहो.