थांबवलेल्या काळाची किंमत

मनोरा चढणाऱ्या नायकाच्या कथा आता आपली तरुण मंडळीही मोबाइलवर आवडीने वाचतात. २०१० साली सुरू झालेली ‘टॉवर ऑफ गॉड’ ही कोरियन चित्रमालिका या प्रकारातली सर्वांत गाजलेली. मजल्यागणिक परीक्षा आणि माथ्यावर हवे ते मिळण्याचे आश्वासन, असा हा साचा. त्यातल्या काही कथांत नायकाला काळ थांबवता येतो. या शक्तीची परीक्षा मी एकाच प्रश्नाने करतो : थांबलेल्या काळाची किंमत कोण मोजतो?

मार्कंडेय पुराणात याचे उत्तर आहे. मांडव्य ऋषींच्या शापाने कौशिकाला सूर्योदयी मरण येणार असते. त्याची पत्नी सूर्याला उगवूच देत नाही. पतीचा जीव वाचतो, पण यज्ञयाग बंद पडतात, देव हवालदिल होतात. शेवटी अनसूयेला मध्यस्थी करावी लागते. एकीने काळ अडवला, त्याची झळ साऱ्या जगाला बसली. म्हणूनच तिथे कथा पुढे सरकते.

‘एसएसएस-क्लास रिव्हायवल हंटर’ या कोरियन कथेत काळ थांबत नाही, मागे फिरतो. नायक चोवीस तास मागे जातो, पण त्यासाठी आधी त्याला मरावे लागते. किंमत ठरलेली असल्याने वाचक गुंततो. जिथे ती नसते, तिथे मजले म्हणजे नुसती मोजदाद उरते.

महाड तालुक्यातल्या रायगडाची हिरकणी आठवा. आख्यायिकेतल्या या गवळणीजवळ कसलीच शक्ती नाही. सूर्यास्ताला दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ भुकेले. ती अंधारात कडा उतरते. दरवाजा क्षणभर थांबला असता, तर हिरकणी आपल्याला कळलीच नसती.

आमच्या औद्योगिक वसाहतीत टॉवर म्हणजे ऊर्ध्वपातनाचा स्तंभ. रात्रपाळीचा ऑपरेटर त्याच्या शिडीवर चढतो, तेव्हा खालच्या रिअॅक्टरमधले तापमान त्याच्यासाठी थांबत नाही. कच्च्या मालाची धार तोडायची, थंड पाणी वाढवायचे, एवढेच हाती असते, आणि तेही वेळेत. काळ थांबवण्याचे स्वप्न अशा माणसाला पडले तर नवल नाही. विरंगुळा म्हणून त्याने ते जरूर वाचावे. पण ज्या कथेत दुसऱ्याचे घड्याळही चालू असते, तीच त्याच्या ओळखीची कथा, आणि माझ्या लेखी तीच सरस.