आत्याचा सवाल

सध्या उशाशी दोन पुस्तकं आहेत. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) आणि बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६). दोन्ही आधी वाचलेली. पण सुटं सुटं वाचणं वेगळं आणि शेजारी ठेवून वाचणं वेगळं.

'बलुतं' आलं आणि पांढरपेशा वाचक हादरला. समीक्षकांनी एकच शब्द धरला : प्रामाणिकपणा. ते खोटं नाही. सुरुवातीलाच दगडू पवार आणि दया पवार समोरासमोर येतात. लेखक स्वतःचीच उलटतपासणी घेतो. कावाखाना, आईचे कष्ट, शिकून आलेला परकेपणा, काही झाकत नाही. बायकोवर, सईवर घेतलेला संशय आणि मोडलेला संसारही सांगतो. दलित पुरुषानं आपला पुरुषीपणा असा उघडा करणं ही लहानसहान गोष्ट नव्हे.

पण सईचं म्हणणं त्यात दगडूच्याच तोंडून येतं. दुसरं कसं येणार? लेखणी त्याच्या हातात होती.

'जिणं आमुचं'ची गोष्टच निराळी. हे आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, मग पुस्तक झालं. नावातच 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. बाई स्वतःबद्दल थोडं सांगते, महारवाड्याबद्दल फार. कोवळ्या वयात सासरी आलेल्या पोरी, जात्यावरचं दळण, सासूचा जाच. पळून गेलेल्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा. संशयावरून कापलेलं नाक. आणि मग बाबासाहेबांच्या शब्दानं जागा झालेला तोच महारवाडा. बाई सवर्णाला सोडत नाही, आपल्या माणसालाही सोडत नाही.

ही पानं मी आत्याला वाचून दाखवत होतो. तिला अक्षर येत नाही. खोड्याचं प्रकरण संपलं तशी ती म्हणाली,

"आरं, ह्या बाईला तिच्या दादल्यानं कधी मारलं न्हाई व्हय?"

म्हणलं, पुस्तकात तसं काही नाही, आत्या.

"मंग लिवलं नसंल," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

मी दोनदा वाचून जे विचारलं नव्हतं, ते तिनं एकदा ऐकून विचारलं.

उत्तर पुढे सापडलं. माया पंडित यांनी या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००८ साली निघालं. त्यात बेबीताईंची मुलाखत आहे. फलटणला त्यांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. स्वतः लिहिलेलं घरात लपवून ठेवायच्या, वर्षानुवर्षं. आणि हो, नवरा मारायचा. पुस्तकात का नाही आलं? तर हे काही माझ्या एकटीचं नाही, घरोघरी हेच, म्हणून समाजाचं दुःख लिहिलं, असं त्यांचं म्हणणं.

आता या बाईला अप्रामाणिक म्हणायचं काय? सगळ्या सुनांचं लिहिलं, स्वतःचं गाळलं. दगडूनं आपली चूक सांगितली तर आपण त्याला धैर्य म्हणालो, आणि ते होतंच. पण बेबीताईंनी नवऱ्याचा मार लिहिला असता तर आपल्यातलेच किती जण म्हणाले असते, घरचं चव्हाट्यावर मांडलं, चळवळीला बट्टा लावला? ज्या घरात कागद लपवावा लागतो त्या घराबद्दल कागदावर किती येणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रामाणिकपणा ही एकच फूटपट्टी घेऊन आपली आत्मकथनं मोजणं आता पुरे. ती फूटपट्टी पुरुषाच्या मापाची आहे. कोणाला काय बोलायची मुभा होती, कोणाची नव्हती, हेही समीक्षेनं विचारावं. आणि दलित समीक्षेनं ते आधी स्वतःच्या घरात विचारावं.

'बलुतं' त्यामुळं लहान होत नाही. मी ते पुन्हा वाचतोय. सई आली की थांबतोय.

उरलेली पानं आत्याला रोज रात्री वाचून दाखवतो. परवा मध्येच तिनं थांबवलं आणि स्वतःचं सांगायला लागली. मी पुस्तक मिटलं.