शिवाजी महाराजांचा मृत्यू : साधनांची चिकित्सा

मराठी राज्याचे संस्थापक छत्रपती शिवाजी महाराज (१६३०–८०) यांचे रायगडावर अल्प आजारानंतर निधन झाले. या मृत्यूचे कारण निरनिराळ्या साधनांत निरनिराळे दिलेले असून विषप्रयोगाचा प्रवादही दीर्घकाळ प्रचलित राहिला.

मृत्युतिथीविषयी फारसा मतभेद नाही. जेधे शकावलीत चैत्र शुद्ध १५, शके १६०२, शनिवार (३ एप्रिल १६८०) अशी नोंद आहे. तीत कारण मात्र दिलेले नाही. मुंबईकर इंग्रजांनी २८ एप्रिल रोजी सुरतेस लिहिलेल्या पत्रात मृत्यूस २३ दिवस झाल्याचे म्हटले आहे. दोन्ही नोंदींत अवघ्या दोन दिवसांचा फरक पडतो. ऐकीव वार्तेवर आधारलेल्या पत्रात तेवढा फरक स्वाभाविक होय.

कारणांबाबत विसंगती अधिक आहे. कृष्णाजी अनंत सभासद ज्वराचा निर्देश करतो, तर उपर्युक्त इंग्रजी पत्रात बारा दिवसांच्या आजारानंतर रक्तातिसाराने मृत्यू आल्याची वार्ता आहे. मआसिर-इ-आलमगीरी  या मोगल ग्रंथानुसार घोडदौडीहून परतल्यावर उष्म्याने रक्ताच्या उलट्या होऊन अंत झाला. १६७९ च्या अखेरीस मराठ्यांनी खानदेशातील धरणगाव व चोपडा ही व्यापारी ठिकाणे आणि जालना लुटले. जालन्याच्या सय्यद जान मुहम्मद या साधूचा शाप या मृत्यूस कारण झाला, अशी समजूत पुढे रूढ झाली. ती कार्यकारणाचा पुरावा नसून मोहिमेनंतर काही महिन्यांतच मृत्यू आल्यामुळे उत्पन्न झालेली श्रद्धा होय.

विषप्रयोगाचा आरोप मुख्यतः राणी सोयराबाईंवर आहे. शिवदिग्विजय  बखर व तारीख-इ-शिवाजी  ही त्याची प्रमुख उत्तरकालीन साधने होत. तथापि त्याची कुणकुण डचांच्या समकालीन पत्रव्यवहारातही आढळते. म्हणून ती केवळ बखरकारांची कल्पना म्हणून टाकून देता येत नाही. परंतु वार्ता समकालीन असली, तरी ती प्रत्यक्षदर्शी ठरत नाही. १६७५-७६ च्या सुमारासही महाराजांच्या मृत्यूच्या व विषप्रयोगाच्या वार्ता पसरल्या होत्या आणि त्या खोट्या ठरल्या.

प्रवादाचे मूळ वारसाहक्काच्या तंट्यात शोधावे लागते. मृत्यूसमयी युवराज संभाजी पन्हाळ्यावर होते. त्यांना न कळविता अण्णाजी दत्तो प्रभृतींनी सोयराबाईंचे अल्पवयीन पुत्र राजाराम यांना मंचकावर बसविले. मृत्यूची वार्ता गुप्त राखण्याचा प्रयत्न झाला आणि या गुप्ततेनेच संशयास वाव मिळाला. जूनमध्ये संभाजींनी रायगड ताब्यात घेतला. १६८१ मध्ये त्यांच्यावरच विषप्रयोग करण्याचा कट उघडकीस आला. या घटनेमुळे आधीच्या मृत्यूविषयीच्या कथेस बळकटी मिळाली असणे संभवते.

सभासदाने आपली बखर राजारामांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिली (सु. १६९७). त्यामुळे सोयराबाईंविषयीचे त्याचे मौन एकट्याने निर्णायक मानता येत नाही. याउलट, ज्यांना हा आरोप करण्यास सर्वाधिक कारण होते, त्या संभाजींच्या बाकरे यांना दिलेल्या संस्कृत दानपत्रात (ऑगस्ट १६८०) दोष मंत्र्यांकडे दिला असून सोयराबाईंचे अंतःकरण निर्मळ असल्याचे म्हटले आहे. हे दानपत्र मृत्यूनंतर पाचच महिन्यांच्या आतील असल्याने त्याचे महत्त्व विशेष आहे. इंग्रज व्यापारी या कौटुंबिक कलहात पक्षकार नव्हते. त्यांच्या पत्रातही विषाचा उल्लेख नाही.

म्हणजे राजाराम व संभाजी या दोन्ही पक्षांकडील आणि तटस्थ अशा तिन्ही प्रकारच्या साधनांतून आरोपास आधार मिळत नाही. ज्वर व रक्तातिसार ही लक्षणे परस्परविरोधीही नाहीत. एकाच आजारात दोन्ही उद्भवू शकतात. मोगल वृत्तांत दूरच्या व शत्रुपक्षीय लेखकाचा असल्याने त्याला दुय्यम स्थान द्यावे लागते. आजाराचे निश्चित वैद्यकीय निदान उपलब्ध नोंदींवरून करता येत नाही. परंतु अल्पकालीन आजाराने आलेला नैसर्गिक मृत्यू हाच निष्कर्ष साधनांशी अधिक सुसंगत ठरतो. विषप्रयोगाच्या कथेचे मोल मृत्यूचा पुरावा म्हणून नव्हे, तर १६८०–८१ मधील राजकीय अविश्वासाची निदर्शक म्हणून आहे.