हेगेलचे इतिहासकथन आणि स्वातंत्र्याचा निकष

हेगेलच्या इतिहासमीमांसेचा सारांश सहसा तीन पायऱ्यांत सांगितला जातो : पौर्वात्य जगात एकच व्यक्ती स्वतंत्र, ग्रीस-रोममध्ये काही जण स्वतंत्र आणि ख्रिस्ती-जर्मानिक जगात माणूस माणूस म्हणूनच स्वतंत्र. ही मांडणी १८२२ ते १८३१ या काळातील बर्लिनच्या व्याख्यानांतली. ग्रंथरूपाने ती हेगेलच्या मृत्यूनंतर, १८३७ मध्ये, एदुआर्द गान्स याने सिद्ध केली. येथे प्रगती म्हणजे सुखाची वाढ नव्हे, तर स्वातंत्र्याच्या जाणिवेची वाढ होय. हा निकष मोलाचा आहे. कोणत्याही समाजाला 'येथे अद्याप कोण स्वतंत्र नाही?' असा प्रश्न त्याच्या आधारे विचारता येतो.

अडचण निकषात नाही, कथनात आहे. 'गेशिष्टे' या जर्मन शब्दात घडलेल्या घटना आणि त्यांचे कथन हे दोन्ही अर्थ एकवटतात, याकडे हेगेल स्वतःच लक्ष वेधतो. हा त्याला केवळ योगायोग वाटत नाही. राज्यसंस्था आकाराला येते तेथेच इतिहासाचे गद्य जन्मते, असे तो मानतो. वाङ्मयाने समृद्ध असूनही भारताला इतिहास नाही, हा निष्कर्ष यातूनच येतो. सहारापलीकडच्या आफ्रिकेला तर तो जागतिक इतिहासाबाहेरच ठेवतो.

परंतु १७९१ मध्ये सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतील आफ्रिकी गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाले. माणूस माणूस म्हणून स्वतंत्र आहे, हे तत्त्व याहून स्पष्टपणे कोणी आचरले? 'फिनॉमिनॉलॉजी'तील (१८०७) स्वामी-दास द्वंद्वामागे हीच घटना आहे, असे प्रतिपादन सुझन बक-मॉर्स यांनी २००० मधील आपल्या लेखात केले. त्याविषयी मतभेद संभवतात. व्याख्यानांतील भूमिका मात्र स्पष्ट आहे : गुलामगिरी स्वरूपतःच अन्याय्य आहे, तथापि ती एकदम नव्हे, क्रमाक्रमाने नष्ट व्हावी, कारण स्वातंत्र्यासाठी माणूस आधी परिपक्व व्हावा लागतो. ही परिपक्वता ठरवायची कोणी? कथेच्या शेवटाशी उभ्या असलेल्या निवेदकाने. निकष स्वातंत्र्याचा असला, तरी वेळापत्रक निवेदकाचे आहे.

म्हणून हेगेलला युरोपकेंद्री ठरवून बाजूला सारणे अपुरे आहे. तसे केल्यास निवेदकाबरोबर निकषही हातचा जातो. त्यापेक्षा त्याच्या निकषाने त्याचेच कथन तपासावे. ज्यांनी इतिहासग्रंथ लिहिले नाहीत, त्यांच्या कृतीतही स्वातंत्र्याची जाणीव व्यक्त झालेली असते. ती न वाचता येणे हे त्यांचे अपरिपक्वपण नव्हे, वाचकाचे आहे.