दारिद्र्य कोणाच्या उपयोगाचे?

दारिद्र्य हा समाजाचा दोष आहे, असे आपण सारेच मानतो. मग हा दोष इतका चिवट का? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी 1971 मध्ये एका निबंधात या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते वाचकाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांचा भारतीय दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दांडेकर-रथ यांनी गरीब किती, हे मोजले. गॅन्स यांनी गरिबी कोणाच्या उपयोगी पडते, हे विचारले.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी : घाणीचे व धोक्याचे काम स्वस्तात करणारे हात गरिबीमुळे मिळतात. अल्प वेतनावर राबणारी मोलकरीण संपन्नांच्या सुखसोयींचा भार वाहते. शिळ्या पावाला व जुन्या कपड्यांना गिऱ्हाईक लाभते. आळशी म्हणून बोट दाखवायला कोणीतरी सापडतो. शिवाय गरिबांची सेवा किंवा देखरेख करणाऱ्यांना रोजगार मिळतो. गॅन्स यांचा सूर उपरोधिक आहे. ते गरिबीचे समर्थन करीत नाहीत. यांतील बहुतेक कामे अन्य मार्गांनी होऊ शकतात, परंतु त्याची किंमत संपन्नांना मोजावी लागेल, म्हणून गरिबी टिकते, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

जोगेश्वरीत राहणाऱ्याला याचा पडताळा पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. पूर्वेच्या वस्तीतील बाई सकाळी तीन-चार घरची धुणीभांडी उरकते, तेव्हा आपल्या घरची मंडळी वेळेवर लोकल गाठतात. तिने सुट्टी मागितली की आपण कुरकुरतो. पगारवाढ मागितली की दुसरी बाई शोधतो. नाताळात मात्र कुस्वाराचे ताट व जुनी साडी तिला आवर्जून देतो आणि मिस्साला समाधानाने जातो.

गॅन्स यांच्या यादीत काही ख्रिस्ती पंथांचे धर्मोपदेशकही आहेत. ते आमच्या पंथाचे नव्हेत, एवढे म्हणून आम्हां धर्मगुरूंची सुटका होत नाही. जर्मन विचारवंत गेऑर्ग झिमेल यांनी तर 1908 मध्येच मध्ययुगीन ख्रिस्ती दानधर्माच्या मर्मावर बोट ठेवले होते. देणाऱ्याचे लक्ष घेणाऱ्याच्या भुकेपेक्षा स्वतःच्या आत्म्याच्या तारणाकडे असे, हा त्यांचा आक्षेप. उपवासकाळात दानधर्मावर प्रवचन करताना आम्हीही श्रोत्यांना पुण्याचीच आठवण अधिक देतो, हे आम्हांला कबूल केले पाहिजे.

तथापि गॅन्स यांच्या निबंधात एक उणीव जाणवते. त्यात गरीब माणूस मुख्यतः दुसऱ्यांच्या उपयोगाचे साधन म्हणून वावरतो. दुर्बलांच्या हाती पुरेशी सत्ता आली तर चित्र पालटेल, असे ते अखेरीस सुचवितात. पण ते कसे घडावे, हे सांगत नाहीत. त्याचे उत्तर काही अंशी आपल्याच भूमीत मिळाले आहे. बेल्जियमहून भारतात आलेल्या धर्मभगिनी सिस्टर जीन देव्होस यांनी 1985 मध्ये राष्ट्रीय घरकामगार चळवळीचा पाया घातला. गॅन्स यांच्या यादीत जी मोलकरीण केवळ दुसऱ्याचा भार वाहते, तीच येथे संघटित होऊन कामगार म्हणून आपली ओळख सांगू लागली. अशा अनेक संघटनांच्या मागणीनंतर महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायद्याने सारे साधले असे मुळीच नाही. परंतु मोलकरणीला कामगार म्हणून मान्यता मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या दस्तऐवजात बजावले आहे, की न्यायाने जे देणे लागते, ते दया म्हणून देऊ नये; आणि दुःखाचे परिणामच नव्हे, तर कारणेही दूर करावीत. गॅन्स यांच्या निबंधाला ख्रिस्ती वाचकाने द्यावयाचे उत्तर आम्हांला येथे दिसते. दानधर्म थांबवा, असे आमचे म्हणणे नाही. भुकेला कायद्याची वाट पाहता येत नाही. मात्र येत्या नाताळात साडी काढून ठेवण्यापूर्वी, त्या बाईला आठवड्याची एक भरपगारी सुट्टी आपण देतो का, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे. आणि चर्चच्या साफसफाईला येणाऱ्यांना आम्ही काय देतो, हे धर्मग्रामस्थांनी आम्हांलाही विचारावे.